बुधवारच्या मैत्रिणी

८ जुलै

काका, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते. मी तुमच्या मुलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याच हॉस्टेलवर राहते. गेल्या वर्षी तिने कॉलेजात ‘दुरुस्ती मंडळ’ सुरू केलं होतं. तुटलेलं, फाटलेलं, बंद पडलेलं काहीही घेऊन बुधवारी चार वाजता या, शिकत शिकत नीट करू, अशी कल्पना. प्रयोगशाळांच्या इमारतीत जिन्याखालची खोली मंडळाला मिळाली होती. आता ऑफिसला ती खोली परत हवी आहे, जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला. मंडळ चालू असेल तरच ती वाचेल. म्हणून ते पुन्हा सुरू करायचं मी ठरवलंय. नवा अर्ज, नवा शिक्का, सगळं पहिल्यापासून.

अडचण एकच आहे. खोलीत एक लाकडी पेटी आहे, आणि झाकणाच्या आत तुमचा पत्ता. दोन पाने, पक्कड, सोल्डरिंग आयर्न, आणि एका पत्र्याच्या डबीत लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवलेले स्क्रू. हेडक्लार्क म्हणाले, “पालकांची वस्तू आहे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.” तर विचारते. पेटी तुम्हाला पाठवून देऊ, की मंडळाकडे राहू दे?

तुम्हाला पत्र लिहून त्रास तर देत नाहीये ना, हे मला कळत नाही. तसं असेल तर उत्तर देऊ नका, मी पेटी पाठवून देईन.

मंडळाची (होऊ घातलेली) सेक्रेटरी


१६ जुलै

मुली,

तुझं पत्र पोस्टमनने पंपहाऊसवर आणून दिलं. पाकिटावर कॉलेजचा शिक्का बघून मी बराच वेळ ते उघडलंच नाही. तासाची रीडिंग घेतली, पंपाच्या ग्लँडला तेल दिलं, मग उघडलं.

पेटी राहू दे. ती माझी नाही, भिंगरीची आहे. (आमच्या घरी तिला भिंगरीच म्हणायचे. एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही.) तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळा सुटली की पंपहाऊसवरच यायची. दहाव्या वर्षी तिला वॉल्व्हचं पॅकिंग बदलता येत होतं. मोठ्या पान्याचं तोंड थोडं ढिलं आहे, जपून वापरा.

आता एक विचारतो. तू त्या तिघींतली कोण? मला तुम्हा सगळ्यांची ओळख आहे बरं का. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं आणि त्यात दुसरं काही नसायचंच. एक डावखुरी, जी प्रत्येक स्क्रू उलटा फिरवून आणखी घट्ट करते. एक आजीबाई, वय अठरा पण सारखी ‘स्वेटर घातलास का, पाणी प्यायलीस का’ करते. आणि एक ताडमाड, जिची छत्री पहिल्या बुधवारी दुरुस्त केली आणि जी इतकी जोरात हसते की वरच्या मजल्यावरून सर खाली बघायला येतात. तुझ्या अक्षराच्या उभ्या रेघा लांब आहेत. मला वाटतं तू ताडमाड.

तुम्ही मंडळ पुन्हा उभं करताय हे वाचून बरं वाटलं. ‘बरं’ हा शब्द लिहून किती दिवस झाले, मोजायला हवं.

भिंगरीचे बाबा


२५ जुलै

काका,

पकडलंत. उंची पाच फूट दहा, वर्गात शेवटचा बाक कायमचा माझ्या नावावर. हो, ती ताडमाड मीच असणार. छत्रीची गोष्टही खरी आहे. काडी मोडली होती. भिंगरी म्हणाली होती, “बुधवारी आण, पाच मिनिटांचं काम आहे.”

मंडळ काढणं म्हणजे काय दिव्य असतं हे मला आता कळतंय. अर्जाला संस्थापक धरून चार सह्या लागतात. उपप्राचार्यांनी अर्ज वरून खाली आणि मग खालून वर वाचला. म्हणाले, “नृत्याचं आहे, वादविवादाचं आहे, ट्रेकिंगचं आहे. वस्तू दुरुस्त करायच्या तर बाहेर दुकानं आहेत की.” मी म्हटलं, “सर, तुमच्या टेबलावरचा पंखा मान हलवत नाही.” ते म्हणाले, “तो मला तसाच आवडतो.” पण सही दिली.

डावखुरी आता दुसऱ्या कॉलेजात गेली. आजीबाई आहे, माझ्याच वर्गात. तिची सही घेतलीय. सोबत परीक्षा, प्रॅक्टिकल, सगळं चालूच आहे. खोली झाडून घेतली. खिडकी नाही तिथे, त्यामुळे मी बसते तेव्हा दार उघडंच ठेवते.

पेटीबद्दल आभार. पाना जपून वापरू.

ताडमाड


३ ऑगस्ट

ताडमाड,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पंख्याचा किस्सा तिच्या तोंडचाच वाटला. तिच्या पत्रात पण असंच असायचं. हे बघ, सप्टेंबरातलं आहे, जसंच्या तसं उतरवतो: ‘बाबा, काल ताडमाडने घड्याळ उघडलं आणि आतली स्प्रिंग अशी उडाली की आजीबाईच्या केसांत जाऊन बसली. डावखुरी म्हणाली, हलू नकोस, आता तुझ्या डोक्यात टिकटिक ऐकू येईल. आम्ही सहा वाजेपर्यंत हसत होतो.’ हे पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलं. डिंकाने चिकटवलं. तुम्हा दुरुस्तीवाल्यांना हसू येईल.

आता जे विचारायचं आहे ते विचारतो. मी आलो तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तिला शुद्ध नव्हती. संध्याकाळी गेली. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला, दोन दिवस आधी आणली असती तर... रेक्टरबाई म्हणाल्या, “मुलींनी फार केलं हो तिचं.” मी तेव्हा काही विचारलं नाही. सुन्न होतो. सुट्टीचे दिवस होते, हॉस्टेल अर्धं रिकामं, एवढं मला कळत होतं.

त्या दोन दिवसांत तिच्याजवळ तुमच्यापैकी कोण होतं? ती काही बोलली का? मला कुणाला दोष द्यायचा नाही. तुम्ही लेकरं, तुम्हाला तापातलं काय कळणार. फक्त कोण होतं तेवढं सांग. पंपहाऊसमध्ये आठ तास मोटरचा आवाज असतो, आणि त्या आवाजाखाली मला हा एकच प्रश्न ऐकू येतो.

बाबा


१६ ऑगस्ट

काका,

उत्तराला उशीर झाला. चाचण्या होत्या.

होतो आम्ही. मी आणि आजीबाई. आळीपाळीने बसत होतो. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. फार बोलली नाही ती. झोपेतच होती बहुतेक. तुमचं नाव घेत होती. एकटी नव्हती.

मंडळाला परवानगी मिळाली हे लिहायचं राहिलं. तेरा तारखेचा पहिला बुधवार झाला. बरेच जण आले. एक टेबललॅम्प आणि एक सॅक नीट केली.

तुम्ही जेवणाखाणाची काळजी घ्या.

ताडमाड


३१ ऑगस्ट

ताडमाड, बाळा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. दहा महिन्यांत पहिल्यांदा. ड्यूटीवरचा जोडीदार घाबरून हलवायला आला.

‘एकटी नव्हती’ हे दोन शब्द मी कागदावर लिहून प्रेशरगेजच्या काचेला लावलेत.

सोबत एक पार्सल आहे. तीन स्क्रूड्रायव्हर. मुठी मी लाकडाच्या केल्यात, तिच्या पत्रांवरून अंदाज घेऊन. लांब मूठ तुझी. आखूड आणि जाड आजीबाईची, कारण भिंगरी लिहायची की तिचे हात छोटे आहेत आणि कायम गार असतात. तिसरीला अंगठ्याची खाच उजव्या बाजूला कोरली आहे, डावखुरीला पाठवून दे. ती लांब गेली म्हणून काय झालं.

अठरा ऑक्टोबरला वर्ष होईल. मी रजा टाकली आहे. इथून सकाळची गाडी पकडली तर दुपारी पोचतो. मला तुम्हा तिघींना भेटायचं आहे. डावखुरीलाही बोलावून घे. त्या खोलीत तासभर बसू, मग मी परत जाईन. तुम्हाला रडवणार नाही, कबूल.

बाबा


१० सप्टेंबर

काका,

पार्सल आलं. मी ते खोलीत नेऊन उघडलं आणि तिन्ही मुठी टेबलावर ओळीने ठेवल्या. लांब मूठ माझ्या हातात इतकी बरोबर बसली की मी ती टाकून बाहेर पळाले. आज बुधवार आहे. चार वाजता परत येऊन बसले. आता सव्वापाच. कुणी आलेलं नाही. कुणीच येत नाही. तेरा ऑगस्टलाही कुणी आलं नव्हतं. लॅम्प आणि सॅक, दोन्ही माझीच होती.

सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिता येणार नाही.

काका, आम्ही तिच्या मैत्रिणी नव्हतो. ती आम्हाला जिन्यात भेटली होती, एकदाच, पावसाळ्यात. हातात अर्ज होता. “चार सह्या लागतात, माझी एक आहे.” आम्ही तिघी तिथे उभ्या होतो. डावखुरीने डाव्या हाताने सही केली. आजीबाईने तिच्या ओल्या बाह्या बघून म्हटलं, “स्वेटर घाल गं, आजारी पडशील.” माझ्या हातात मोडकी छत्री होती. ती म्हणाली, बुधवारी आण. मी “हो हो, नक्की” म्हणाले आणि काहीतरी आठवून जोरात हसले. झालं. तीन मिनिटं असतील. ती छत्री मी फेकून दिली. आम्ही तिघी एकाही बुधवारी गेलो नाही. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं, ती स्प्रिंग, ते सहा वाजेपर्यंतचं हसणं, तिने त्या तीन मिनिटांतून काढलं.

खोलीत हजेरीची वही आहे. तुम्हाला तिने लिहिलं ते वेगळं, पण वहीत ती खोटं लिहीत नव्हती. तेरा बुधवार आहेत. प्रत्येकापुढे ‘उपस्थिती: १’. वही सोबत पाठवते. ती तुमच्याकडे असायला हवी.

मी आजीबाईला विचारलं, तुला ती आठवते का. ती म्हणाली, “कोण? मी सही केली होती? अगं, जो तो कागद पुढे करतो, आपण करतो.” मग म्हणाली, “ती तिसऱ्या मजल्यावरची?”

आता ते दोन दिवस. पट्ट्या कुणी ठेवल्या नाहीत. सुट्टीत आजीबाई घरी होती. मी हॉस्टेलवरच होते, एक पेपर राहिला होता. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, तिच्या बरोबर खाली. पहिल्या दिवशी दुपारी भिंतीतला पाण्याचा नळ वाजायला लागला. कुणीतरी चमच्याने ठोकावं तसं. तीन ठोके, थांबा, दोन ठोके. मला वाटलं, वर प्लंबर आलाय. अर्धा तास चाललं असेल. मी कानांत बोळे घातले आणि वाचत बसले. संध्याकाळी पुन्हा थोडंसं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडायला येणाऱ्या मावशींनी दार वाजवलं, उघडलं नाही म्हणून कडी तोडायला लावली. तिचा पलंग त्या नळाला लागून होता, हे मी नंतर तिचं सामान खाली आणताना पाहिलं.

यंदा मी खोली बदलून घेतली. उपयोग नाही. भर दिवसा, वर्गात, रांगेत उभी असताना ऐकू येतं. तीन, थांबा, दोन. मी मंडळ चांगुलपणाने सुरू केलं नाही, काका. कुणीतरी त्या खोलीत बसायला हवं असं वाटत राहतं, आणि नाही बसले तर ते ठोके वाढतात.

तुम्ही मला ताडमाड म्हणालात तेव्हाच सांगायला हवं होतं. मला ते नाव आवडलं. तिने आमचं किती बघून ठेवलं होतं, आणि मला तिचा चेहरा नीट आठवतसुद्धा नाही.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी त्या दिवशी इथेच असेन.


२० ऑक्टोबर

मुली,

अठरा तारखेला मी स्टेशनपर्यंत आलो होतो. गाडी आली, लोक चढले, ती गेली. मी बाकावर बसून राहिलो आणि घरी परतलो. तू वाट बघितली असशील.

तुझं पत्र वाचल्यावर मी काचेवरचा कागद काढून चुरगाळला. पुढचे आठ दिवस मला तुझा इतका राग आला की पार्सल परत मागणार होतो. ‘एकटी नव्हती’वर मी पंधरा दिवस जेवलो होतो, झोपलो होतो. ते तू दिलंस आणि काढून घेतलंस. दिलंच नसतंस तर बरं झालं असतं. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

ते ठोके तिचेच. पंपहाऊसमध्ये हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आम्ही पाइपवर पाना वाजवायचो. तीन आणि दोन म्हणजे ‘इकडे ये’. मी जेवायला बोलवायचो तसा. तुला ते कळण्यासारखं नव्हतं. मला कळलं असतं, पण मी तिथे नव्हतो.

का नव्हतो, ते आता ऐक. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला दाखवली ती पत्रं मी निवडून दाखवली. सप्टेंबरच्या शेवटी तिचं एक वेगळं पत्र आलं होतं. ‘बाबा, मला घरी यायचंय. इकडे करमत नाही. सुट्टीत येऊ का, आणि पुढचं वर्ष तिकडच्याच कॉलेजात केलं तर चालेल का?’ बस, एवढंच. आमच्याकडे तेव्हा मोठी लाइन बदलायचं काम चालू होतं, मला डबल ड्यूटी. आणि मनात म्हटलं, पोर जरा हळवी झालीय, होईल ठीक. मी लिहिलं, ‘वेडी का तू? एवढं मंडळ उभं केलंस, एवढ्या जिवाला जीव देणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या, त्यांना अर्ध्यावर सोडून येणार? सुट्टीत तिथेच राहा. ताडमाडबरोबर हुंदड जरा.’

ताडमाडबरोबर हुंदड, असं मी लिहिलं.

तिने उलट काही लिहिलं नाही. कसं लिहिणार? तिने मला काळजी नको म्हणून तुम्हाला घडवलं, आणि मी तुम्हालाच पुढे करून तिला परत पाठवलं. म्हणून मला तुम्ही तिच्याजवळ बसलेल्या हव्या होतात. तुम्ही बसल्या असतात तर माझं उत्तर चुकलं नसतं.

वही रोज उघडतो. तेरा ओळी आहेत, अक्षर शेवटपर्यंत बदललेलं नाही. कुणी आलं नाही तरी तिने चार ते सहा खोली उघडी ठेवली, हे मला बाप म्हणून शिकता येतं का, बघतोय.

तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसलो. हात चालत नाही. उद्या चालेल असंही सांगत नाही. पण स्क्रूड्रायव्हर वापरा. भिंतीवर टांगायला केलेले नाहीत. डावखुरीचा तिला पाठव आणि का पाठवलास तेही सांग, खरं खरं.

आणि एक कर. दर बुधवारचं मला कळव. एक आला तर एक लिही, शून्य तर शून्य. गोष्ट नको, नुसता आकडाही चालेल.


६ नोव्हेंबर

काका,

२९ ऑक्टोबर: शून्य.

५ नोव्हेंबर: दोन. हे खरं आहे.

पहिली आजीबाई. ती दारात उभी राहिली, “मला यातलं काही येत नाही,” म्हणाली आणि तरीही आत आली. तिची मूठ तिला दिली. तुमचं पत्र मी तिला वाचायला दिलं होतं, तुमची परवानगी न घेता. त्याबद्दल रागवा. ती अर्धा तास बसली, मग उठून गेली. रडत होती, आणि माझ्यासमोर रडायचं नव्हतं तिला. डावखुरीला सगळं लिहून तिचा स्क्रूड्रायव्हर पाठवला. उत्तर आलेलं नाही.

दुसरी एक पहिल्या वर्षातली मुलगी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहून लक्ष दिलं नव्हतं. तिच्या हातात काहीच नव्हतं. मी विचारलं, “काय बिघडलंय?” ती म्हणाली, “काही नाही. दार उघडं दिसलं. बसू?” मी एका जुन्या इस्त्रीची वायर सोलत होते. ती टोक धरून बसली. सहा वाजेपर्यंत आम्ही मोजून दहा वाक्यं बोललो असू. जाताना मी तिचा खोली नंबर विचारला. तिला जरा विचित्र वाटलं.

आज सकाळी ती मेसमध्ये दिसली नाही. दुपारीही नाही. तिथे कुणी कुणाची हजेरी घेत नाही, उशिरा उठली असेल, बाहेर गेली असेल. मी ताट तसंच ठेवलं आणि जिना चढले. पहिल्या मजल्यावर उजवीकडे शेवटची खोली. दार वाजवलं. आवाज नाही. पुन्हा वाजवलं. मग मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. शेजारच्या खोलीतल्या मुली बाहेर आल्या. कुणीतरी म्हणालं, “अगं, वेड लागलं का हिला?” मी थांबले नाही.

कडी निघाली. ती समोर उभी, डोक्याला ओला टॉवेल, अंघोळ करून आलेली.

“काय झालं? आग लागलीय का?”

“नाही,” मी म्हटलं. “बघायला आले.”

“काय?”

“तू आहेस का ते.”

तिने माझ्याकडे बघितलं. मागे जमलेल्या मुलींकडे बघितलं. मग म्हणाली, “आहे की,” आणि दार पूर्ण उघडून बाजूला सरकली.